खांदा बसला की बाकीचं बसवता येतं

‘ताई, दोन महिन्यांपूर्वी मला पहिली नोकरी लागली. ऑफिसात गणवेश नाही, पण सगळे नीटनेटके येतात. रोज शर्ट-ट्राउझर, बैठक असेल तर वर ब्लेझर. पहिला पगार व्हायच्या आधीच कपडे लागणार होते, म्हणून मी वापरलेल्या कपड्यांतून सात वस्तू घेतल्या : रुंद खांद्यांचा काळा ब्लेझर, करडी लोकरीची ट्राउझर, दोन पुरुषी शर्ट, क्रीम रंगाचा रेशमी टॉप, ठिपक्यांचा लांब स्कर्ट आणि लेदरसारखी दिसणारी काळी बॅग. घेताना फार आनंद झाला होता. गेल्या आठवड्यात महत्त्वाची बैठक होती, म्हणून टॉप, स्कर्ट आणि त्यावर ब्लेझर घालून गेले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “आज आजीचं कपाट उघडलंस वाटतं?” सगळे हसले. परवा लिफ्टमध्ये कोणीतरी म्हणालं, “डांबर गोळ्यांचा वास कुठून येतोय?” तो माझ्याच ट्राउझरचा होता. आता वाटतं, हे सगळं देऊन टाकावं आणि हप्त्यांवर नवे कपडे घ्यावेत. आणि कोणी विचारलं, “कुठून घेतलास?”, तर काय सांगू? – नवी नोकरी, जुने कपडे’

प्रिय ‘नवी नोकरी, जुने कपडे’,

हप्त्यांचा विचार आधी डोक्यातून काढ. पगार सुरू होऊन दोन महिने झालेत. इतक्यात कपड्यांसाठी कर्ज काढशील, तर पुढचे सहा महिने अंगावर कपडे कमी आणि हप्ते जास्त असतील. सातपैकी एकच वस्तू टाकायची आहे, ती कोणती ते पुढे सांगते. एकीचा मला भरवसा नाही. बाकीच्या पाचांना थोडी शिंप्याची आणि थोडी तुझी मेहनत लागेल.

शेजारच्या टेबलावरची जे बोलली ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण तुझं पत्र पुन्हा वाचताना मला वाटलं, ती वाईट बोलली असली तरी खोटं बोलली नाही. त्या दिवशी तू काय घातलं होतंस बघ. रुंद खांद्यांचा ब्लेझर, त्याखाली रेशमी टॉप, खाली ठिपक्यांचा लांब स्कर्ट. तिन्ही जुन्या घाटाचे आणि तिन्ही एकदम. एकेकटे चांगले दिसले असते. एकत्र घातल्यावर ते कपडे राहत नाहीत, त्याची वेशभूषा होते. समोरच्याला नाटकातलं पात्र दिसतं आणि ज्या मुलीचं म्हणणं बैठकीत ऐकायचं असतं ती मागे राहते. म्हणून माझा साधा नियम : घाटावरून जुनेपण ओळखू येईल अशी एकच वस्तू अंगावर ठेवायची. बाकीचं साधं, आजच्या बेताचं. पायातले बूट तर नक्कीच आजचे. साधी काळी ट्राउझर, साधा शर्ट आणि वर तो ब्लेझर घातला असतास, तर त्याच बाईने कदाचित विचारलं असतं, ‘छान आहे गं, कुठला?’

आता ब्लेझर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण वापरलेल्या कपड्यांत सगळ्यात मोठा फायदा ब्लेझरमध्ये होतो आणि सगळ्यात मोठी फसगतही ब्लेझरमध्येच.

शिंपी ब्लेझरच्या बाह्या आखूड करतो, कंबर आत घेतो, अस्तर बदलतो, बटणं बदलतो. पण खांदा? खांद्यावर कॉलर, मुंढा, बाही, आतला पॅड आणि अस्तर असं सगळं एका जागी येऊन मिळतं. तिथे हात घालायचा म्हणजे बाही काढून, मुंढा नव्याने कापून, पुन्हा सगळं बसवायचं. चांगले कारागीर ते करतात, पण मजुरी भरपूर होते आणि काम फसायची शक्यताही तेवढीच. मी स्वतः एकदा हा हट्ट केला होता. शिंपी म्हणत होता, ‘ताई, राहू द्या.’ मी ऐकलं नाही. ब्लेझर परत आला तेव्हा डावी बाही पुढे वळलेली, उजवी मागे. उभी राहिले की मी सतत कुठेतरी निघाल्यासारखी दिसायचे. दोष त्याचा नव्हता, त्याने आधीच सांगितलं होतं.

तुझा खांदा किती मोठा आहे ते घरीच बघता येईल. ब्लेझर घालून भिंतीला बाजूने टेकून उभी राहा. दंडाच्या आधी ब्लेझरचा खांदा भिंतीला टेकला, तर तो तुला मोठा आहे. मग कितीने मोठा ते बघायचं. बाहीची शिवण तुझ्या खांद्याच्या हाडावरून बोटभर बाहेर जात असेल तर चालेल, आज सैल ब्लेझर मुद्दामही घालतात. तीन-चार बोटं बाहेर असेल, तर तो खांदा तुझा नाही, तो कोणाला तरी देऊन टाक. मधल्यामध्ये असेल तर पॅडकडे लक्ष दे.

असे भरीव खांदे १९४०च्या दशकात एकदा आले आणि १९८०च्या दशकात पुन्हा. दुसऱ्या वेळी त्यांचं नातं थेट ऑफिसशी होतं. पुरुषांच्या खोलीत जाऊन बसायचं तर खांदे त्यांच्याएवढे दिसायला हवेत, असा त्यामागचा हिशोब. तुझा ब्लेझर त्या काळातला असेल किंवा त्या फॅशनची नंतरची नक्कल असेल. दोन्ही प्रकारांत आत जाड पॅड असतात आणि अस्तराची थोडी शिवण उसवून ते काढता येतात. मात्र उत्साहाच्या भरात दोन्ही पॅड काढून मोकळी होऊ नकोस. कापड त्या उंचीसाठी कापलेलं असतं. पॅड गेला की ती जागा खाली बसते आणि बाहीच्या वरच्या टोकाला खळगा पडतो. शिंप्याला जाड पॅडच्या जागी पातळ पॅड घालायला सांग. अर्ध्या तासाचं काम असतं, पण माणूस ओळखू येऊ नये इतका फरक पडतो.

शिंप्याकडे जायच्या आधी आणखी एक तपासणी कर. सगळ्यात खालच्या काजाच्या आसपासचं कापड बाहेरून आणि आतून चिमटीत धर आणि दोन्ही थर हळूच वेगळे ओढ. मधे तिसरा, सुटा थर बोटांना जाणवला, तर आत शिवलेला कॅनव्हास, म्हणजे आधाराचं कापड, आहे. असा ब्लेझर वर्षानुवर्षं टिकतो. सुटा थर नसेल आणि पुढचा भाग पुठ्ठ्यासारखा एकसंध लागत असेल, तर आतला आधार उष्णतेने चिकटवलेला आहे. त्यातही काही वाईट नाही, आजचे बहुतेक ब्लेझर तसेच असतात. फक्त त्यात कुठे फुगे आलेत का ते बघ. छातीवर, लॅपलवर म्हणजे कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर, उन्हात तिरकं धरून बघ. वारंवार ड्रायक्लीन करून किंवा तापलेल्या इस्त्रीने तो चिकटपणा सुटतो आणि कापडावर फोड आल्यासारखं दिसतं. ते पुन्हा नीट बसत नाही. शिंपी ‘इस्त्री मारून देतो’ म्हणाला, तरी दोन दिवसांत फुगे परत येतात. अशा ब्लेझरवर एक पैसाही घालवू नकोस.

अस्तर काखेत फाटलंय म्हणून मात्र घाबरू नकोस. काखेतलं अस्तर सगळ्यांचंच फाटतं. ते बदलता येतं, निदान तेवढा तुकडा तरी लावता येतो.

बाह्या लांब असतील तर कफवरची बटणं बघ. काजं खरी कापलेली, उघडणारी असतील, तर बाही खालून आखूड करता येत नाही. काजं अगदी कडेला येतात आणि विचित्र दिसतात. मग ती वरून, खांद्याकडून आखूड करावी लागते आणि आपण पुन्हा त्याच महागड्या जागी येऊन पोचतो. काजं नुसती दाखवायला शिवलेली असतील तर प्रश्नच नाही. ब्लेझरची बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी आणि तिच्याखालून शर्टाचा कफ बोटभर दिसावा.

बटणांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या ब्लेझरवर पुष्कळदा सोनेरी, नांगर किंवा राजमुकुट कोरलेली बटणं असतात. आजीचं कपाट निम्मं त्या बटणांतच असतं. ती काढून काळी किंवा गडद तपकिरी, चमक नसलेली बटणं लाव. पुढची साधारण २० मिलिमीटरची आणि बाहीवरची १५ मिलिमीटरची असतात, तरी जुनं बटण मोजूनच नवं घे, म्हणजे काजात बसेल. एका संध्याकाळचं काम, आणि ते तुझं तुला करता येतं.

शिंप्याची मजुरी ब्लेझरच्या किमतीपेक्षा जास्त झाली, की आपल्याला वाटतं आपण मूर्ख ठरलो. ‘घेतला त्याहून शिलाईच महाग!’ घरातलंही कोणीतरी हे म्हणणारच. पण तुलना चुकीच्या गोष्टीशी होते. खरेदी अधिक मजुरी अशी बेरीज कर आणि तशाच कापडाच्या, तशाच शिलाईच्या नव्या ब्लेझरची किंमत तिच्यासमोर ठेव. वापरलेले कपडे घेताना मी शिंप्याचे पैसे आधीच बाजूला काढते. त्यात बसत नसेल तर वस्तू तिथेच सोडून येते.

शिंप्याकडे गेलीस की पहिला प्रश्न विचार, ‘आत माया किती आहे?’ शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्या शिंप्यांनी माया म्हणावं, याचं मला अजून कौतुक वाटतं. माया असेल तर कपडा मोठा होतो, नसेल तर फक्त लहान होतो. जुन्या आणि मापावर शिवलेल्या कपड्यांत माया बरीच असते. कारखान्यात घाईने शिवलेल्यांत जेमतेम शिवण धरेल एवढीच.

तुझ्या करड्या ट्राउझरला हेच लागू आहे. पाठीमागच्या मधल्या शिवणीत बोटभर माया असेल तर कंबर सैल करता येईल. आत घेणं तर त्याहून सोपं. खालची दुमड सोडून लांबी वाढवायची असेल तर आधी ती उलटून बघ. जुन्या घडीच्या जागी रंग विटलेला किंवा घासलेला असेल, तर लांबी वाढल्यावर तिथे आडवी रेघ दिसेल आणि ती धुऊन जात नाही. कंबरेपासून काट्यापर्यंतची, म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात तिथपर्यंतची, खोली मात्र कोणी बदलून देत नाही. बसल्यावर तिथे ओढ लागत असेल, तर ट्राउझर कितीही देखणी असो, ऑफिसात आठ-नऊ तास बसायचं असतं हे विसरू नकोस.

मागे बसायच्या जागी कापड चकाकतंय का? लोकरीवर घासून घासून किंवा थेट इस्त्री फिरवून अशी चकाकी येते. ओलसर सुती फडकं मधे ठेवून वाफेची इस्त्री केली आणि मऊ ब्रशने तंतू उचलले, तर थोडी कमी होते. पूर्ण जात नाही. उजेडाकडे धरल्यावर कापड विरलेलं दिसलं, पलीकडचा हात दिसायला लागला, तर मात्र ती एक दिवस भर बैठकीत दगा देईल.

आणि ती खरंच लोकर आहे का? आतल्या शिवणीतला एक धागा काढ, चिमट्यात धरून बेसिनवर पेटव. जळक्या केसांचा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि राख बोटाने चुरली गेली, तर लोकर. कागद जळल्यासारखा वास आला तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. यांतल्या दोन खुणा एकत्र सापडल्या तर मिश्र कापड. हे कळायला हवं, कारण वास घालवायची रीत त्यावर ठरते.

तर, वास. डांबर गोळीचा वास हा मळ नव्हे. गोळीतलं नॅफ्थलीन घन अवस्थेतून थेट वायू होऊन हवेत जातं आणि कापडात मुरतं. त्यामुळे त्याला बाहेर काढायलाही हवाच लागते. ट्राउझर उलटी करून हँगरवर, वारा खेळेल अशा सावलीत टांगून ठेव. एका दिवसात फरक पडणार नाही. आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. मधूनमधून वाफ दिलीस तर लवकर निघेल. आणि कृपा करून वरून अत्तर मारू नकोस. डांबर अधिक गुलाब हे मिश्रण मी एका समारंभात तीन तास सोसलं आहे, तेही स्वतःच्याच अंगावर.

कुबट वास वेगळा, तो ओलीचा आणि बुरशीचा. सुती शर्टांचा तो साध्या धुण्याने जातो. शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाकलंस तर आणखी चांगलं. फक्त क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नकोस, त्यातून विषारी वायू निघतो. घामाचा मुरलेला वास पॉलिएस्टरमधून निघणं सगळ्यात अवघड. धुतल्यावर गेला असं वाटतं आणि अंगाची ऊब लागताच काखेतून परत येतो. म्हणून वापरलेलं पॉलिएस्टर घेताना मी काखेचा वास घेतल्याशिवाय पैसे देत नाही. लोक बघतात. बघू देत.

डांबर गोळ्यांचा वास आला याचा अर्थ आधीच्या मालकाला कसरीची धास्ती होती. तेव्हा ट्राउझरवर बारीक छिद्रं आहेत का ते बघ, विशेषतः दुमडीत आणि खिशाच्या कडांना. कसर म्हणजे उडणारा पतंग नव्हे, कापड खातात त्या त्याच्या अळ्या. लोकर आणि रेशीम त्यांना आवडतं, घामाचे आणि अन्नाचे डाग पडलेलं तर फारच. शंका वाटली तर ट्राउझर हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, नाहीतर थंड कापडावर पाणी धरतं. हे झाल्याशिवाय ती दुसऱ्या लोकरी कपड्यांशेजारी टांगायची नाही. छिद्रं एक-दोन असतील तर रफू करून घे. चांगल्या रफूगराने आतल्या मायेतलेच धागे काढून केलेलं रफू मला स्वतःला शोधूनही सापडलेलं नाही.

शर्टांची गोष्ट सोपी आहे. पुरुषी शर्टाची बटणं उजवीकडे असतात, बायकांच्या शर्टाची डावीकडे. हा फरक कोणी बघत नाही. बघितलाच तर बघणाऱ्याला काम कमी आहे. खांदा उतरलेला असला तरी शर्टात तो चालतो, ब्लेझरसारखा खटकत नाही. बाजूच्या शिवणी आत घेऊन पाठीत दोन उभ्या टिपा घातल्या की पोटाजवळचा फुगा जातो. तेवढंही करायचं नसेल तर शर्ट ट्राउझरमध्ये खोचून बाजूचं जास्तीचं कापड मागे दुमडून घे आणि वर पट्टा लाव. बाह्या लांब असतील तर कोपराच्या खालपर्यंत दोन घड्या घाल.

नजर जाते ती कॉलरवर. कॉलरची घडी विरली असेल तर शिंप्याला ‘कॉलर उलटून द्या’ म्हण. कॉलर उसवून विरलेली बाजू खाली आणि कोरी बाजू वर करून पुन्हा बसवतात. पूर्वी हे सर्रास चालायचं. आता नवखे शिंपी आश्चर्याने बघतात, पण जरा वयस्क माणसाकडे गेलीस तर तो खूश होईल.

काखेतले पिवळे डाग असतील तर ते नुसत्या घामाचे नसतात. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळतात आणि डाग धरतो. क्लोरीन ब्लीच लावलंस तर तो आणखी पिवळा होईल. सुती शर्ट कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीचची पूड टाकून रात्रभर भिजव, मग धू. इस्त्री मात्र डाग पूर्ण गेल्यावरच, नाहीतर उष्णतेने तो कायमचा बसतो.

हे रेशमी टॉपला करायचं नाही. रेशीम आणि लोकर ही प्राण्यांपासून आलेली प्रथिनं आहेत. क्लोरीन ब्लीच ती अक्षरशः विरघळवतं, आणि ऑक्सिजनची पूडही त्यांना सोसत नाही. भरवसा नाही म्हणाले ती वस्तू हीच. काखेतलं कापड दोन्ही हातांत धरून अगदी हलकं ताण. घामाने रेशीम आतून कमजोर होतं, दिसताना धडधाकट दिसतं आणि ताणलं की चिरत जातं. चिरलं नाही तर साध्या ट्राउझरवर निवांत घाल. चिरलं तर तक्रार न करता त्याचा रुमाल शिव.

स्कर्टचं काय, विचारशील. ठिपके छान असतात. वर एका रंगाचा, अंगासरशी बसणारा साधा टॉप, पायात सपाट बंद बूट. ब्लेझर नाही. संपलं.

टाकायची वस्तू म्हणजे बॅग. ‘लेदरसारखी’ या शब्दातच तिचं भविष्य आहे. कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला असेल, तर हवेतल्या दमटपणाने तो थर हळूहळू तुटत जातो, वापरली नाही तरी, कपाटात नुसती पडून राहिली तरी. आधी चिकट लागते, मग पापुद्रे सुटतात. त्याला मलम नाही, रंग लावूनही टिकत नाही. एक दिवस तुझ्या पांढऱ्या शर्टावर काळे कण दिसतील आणि ते कुठून आले हे सगळ्या टेबलांना कळेल. पट्टे आणि बूट घेतानाही हे ध्यानात ठेव. खरं चामडं जुनं झालं तर त्याला तेल-पॉलिश करता येतं, टाच नवी बसवता येते. पण वापरलेले बूट मी स्वतः सहसा घेत नाही, आतला तळ दुसऱ्याच्या पावलाच्या आकाराचा झालेला असतो.

पुढच्या खरेदीसाठी एक सांगते, कारण तू पुन्हा घेणार हे मला ठाऊक आहे. लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नकोस. अमेरिकेत १९५८ साली बायकांच्या तयार कपड्यांच्या मापांचं सरकारी प्रमाण ठरलं होतं, १९८३ साली तेही मागे घेतलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा १२ नंबर वेगळा, आणि गिऱ्हाइकाला खूश करायला तो वर्षागणिक सैल होत गेलेला. जुन्या कपड्यावरचा १२ तुला आवळेल आणि तू उगाच वजनाच्या काट्याकडे बघशील. त्यापेक्षा घरातला जो शर्ट आणि जी ट्राउझर तुला अगदी बेतशीर बसते ती जमिनीवर सपाट पसर. खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, काखेपासून काखेपर्यंत, बाहीची लांबी, कंबर, काट्याची खोली, पायाची लांबी ही मापं मोबाइलमध्ये लिहून ठेव. टेप पर्समध्ये. कपडा अंगात घालून बघायची सोय नसेल तिथे हीच मापं कामाला येतात.

आणि ‘इतक्या स्वस्तात मिळतंय’ म्हणून काही घेऊ नकोस. माझ्या कपाटात एक जांभळा मखमली कोट आहे. बारा वर्षं झाली, एकदाही घातलेला नाही. फार स्वस्त होता.

‘कुठून घेतलास?’ याचं उत्तर तुला वाटतं तेवढं अवघड नाही. लपवलंस तर पुढच्या वेळी पुन्हा लपवावं लागेल. आणि कपड्यांच्या उगमाबद्दल भाषण दिलंस तर ऐकणाऱ्याला वाटेल त्याच्या नव्या शर्टावर टीका चालली आहे. ‘वापरलेला घेतला, मग माझ्या मापाचा करून घेतला.’ एवढंच, हसून, आणि पुढे कामाचं काहीतरी बोलायला लाग. ज्यांना रस असेल ते शिंप्याचा पत्ता विचारतील. शेजारच्या टेबलावरचीने पुन्हा आजीला मधे आणलं, तर ‘आजीची आवड चांगली होती हो’ म्हण. तिने एकदाच थट्टा केली असेल तर त्यापलीकडे जाऊ नकोस. रोज करत असेल तर तो कपड्यांचा प्रश्न नाही. मग मला वेगळं पत्र लिही.

उद्या सकाळी ट्राउझर वाऱ्यावर टांग. शनिवारी ब्लेझर घेऊन शिंप्याकडे जा, पण आधी चिमटीची तपासणी कर. ट्राउझरचा वास गेला की तिची लांबी टाचून घ्यायला जाशील, तेव्हा ऑफिसात घालायचे बूट पायात असू देत. मी घरच्या सपाता घालून गेले होते. पुढचं वर्षभर माझे घोटे सगळ्या ऑफिसने पाहिले.

तुझी,
ताई